आज जेवायला काय? सात महिने एकच उत्तर

कंटाळेश्वर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ४१, उंची १७० सेंटिमीटर, काम दिवसभर बसून. गेल्या वर्षी वजन ८८ किलोवर गेलं. जिना चढताना स्वतःचाच श्वास ऐकू यायला लागला आणि रक्तदाब मोजणाऱ्यांनी पट्टा सोडताना नुसतं "हं" म्हटलं. त्या "हं"ला मी घाबरलो.

त्याआधी सगळे प्रकार करून झाले होते. दर रविवारी बसून आठवड्याचा मेनू आखायचा, एकवीस जेवणं, एकवीस वेगळे पदार्थ, हातभर खरेदीची यादी. हा उत्साह मंगळवारी संध्याकाळपर्यंत टिकायचा. थकून घरी आलं की यादीतला पदार्थ करायचा जीव नसायचा, आणि मग जे हाताला लागेल ते.

शेवटी आळशी माणसाचा उपाय केला. एका दिवसाचं खाणं ठरवलं, एकदाच तोललं, आणि रोज तेच खायला लागलो. सकाळी ४० ग्रॅम ओट्स, कपभर दूध, दोन उकडलेली अंडी. दुपारी घट्ट डाळ, छोट्या वाटीचा भात, भरपूर भाजी, वाटीभर दही. चार वाजता एक सफरचंद आणि २५ ग्रॅम भाजलेले शेंगदाणे. रात्री भाज्यांचं सूप, त्यातच शिजवलेले छोले, सोबत ब्रेडच्या दोन स्लाइस. दिवसभरात तेल तीन चमचे. सगळी बेरीज साधारण १७५० कॅलरी. रोज ४० मिनिटं चालणं. रविवार मोकळा.

सात महिन्यांत ११ किलो उतरलं. आता ७७.

पहिले दोन आठवडे नव्याचे नऊ दिवस म्हणून निघाले. तिसरा आठवडा भयंकर, ओट्सचं भांडं बघूनच डोकं फिरायचं. आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात काहीतरी विचित्र झालं: मी खाण्याचा विचारच करेनासा झालो. चार वाजले की डोक्यात जी कुरकुर सुरू व्हायची ती बंद. खरेदी दहा मिनिटांत. जेवण झालं की झालं, ताटाकडे मागे वळून बघणं नाही.

आता अडचण. गेले पाच आठवडे काटा ७७ वर बसलाय. मेनू तोच, चालणं तेच. एक मित्र म्हणतो, "शरीराला सवय झाली, आता त्याला झटका दे." झटका म्हणजे नक्की काय, ते त्यालाही सांगता आलं नाही. तर प्रश्न असा: मेनू बदलू का? आणि कोणी वर्ष-दोन वर्षं असं काढलंय का?

---

निवांत

सात महिने! साष्टांग. मला सलग दोन दिवस एक भाजी चालत नाही. वाचतेय.

---

शंकासूर

अभिनंदन, पण श्रेय चुकीच्या माणसाला देताय असं वाटतं. वजन "तेच ते" खाण्याने उतरलं नाही, १७५० ने उतरलं. २०१० मध्ये मार्क हॉब नावाच्या पोषणशास्त्राच्या अमेरिकी प्राध्यापकाने दहा आठवडे मुख्यतः क्रीम भरलेले केक, चिप्स असलाच माल खाल्ला, पण दिवसाला १८०० कॅलरींच्या आसपास थांबून. वजन २७ पौंड, म्हणजे १२ किलोच्या वर उतरलं. त्याला हेच दाखवायचं होतं. (सोबत तो जीवनसत्त्वांची गोळी आणि प्रथिनांचं पेय घेत होता, हे सांगायला लोक विसरतात.)

म्हणजे रोज वेगळं खा, रोज एकच खा, हिशोब तोच.

---

अबोली_२

शंकासूर, हिशोब तोच, मान्य. पण हिशोबात राहणं कोणाला जमतं आणि कोणाला नाही, हा खरा प्रश्न आहे ना? तिथेच एकसुरी जेवण कामाला येतं.

पोट तुडुंब भरलंय, घासही नको, आणि कोणी गोड पुढे केलं की त्याला मात्र जागा असते. हा हावरटपणा नाही. एकच चव सलग खाल्ली की त्या पदार्थाची गोडी उतरते, पण दुसऱ्या पदार्थाची उतरत नाही. जीभ पदार्थागणिक वेगळी तृप्त होते. आहारावर संशोधन करणाऱ्या बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये यावर प्रयोग केले होते. चार वेगवेगळ्या सारणांची सँडविचेस समोर ठेवली तर लोकांनी एकाच प्रकारापेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्लं. दह्याचे तीन प्रकार, चव, रंग आणि पोत तिन्ही वेगळे, ठेवले तेव्हाही खाणं जवळपास २० टक्क्यांनी वाढलं. कोणी आग्रह केला नव्हता हं.

याहून गंमत म्हणजे स्मृती गेलेल्या माणसांवरही हे बघितलं गेलंय. आपण जेवलो हेच त्यांना आठवत नाही, त्यामुळे थोड्या वेळाने पुन्हा ताट दिलं तर ती पुन्हा जेवतात. पण नुकत्याच खाल्लेल्या पदार्थाची गोडी त्यांचीही उतरलेली असते. मेंदू विसरला तरी जीभ विसरत नाही.

हे झालं एका बैठकीतलं. कंटाळेश्वरांच्या "विचारच येईनासा झाला" शी जुळणारा प्रयोग २०११ चा आहे. लिओनार्ड एपस्टीन यांच्या गटाने काही बायकांना मॅकरोनी-चीज दिलं. निम्म्यांना सलग पाच दिवस रोज, निम्म्यांना आठवड्यातून एकदा असं पाच आठवडे. रोजवाल्यांचं खाणं कमी होत गेलं, आठवड्यावाल्यांचं उलट वाढलं. लठ्ठ असोत वा नसोत, दोघींमध्ये तेच. पदार्थ एकच, फरक फक्त मधल्या दिवसांचा.

त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात तुमचं डोकं फिरलं तो उपाय फसल्याचा नाही, लागू पडल्याचा पुरावा होता :)

---

आयतोबा

मी कुठेतरी वाचलंय की माणूस दिवसाला खाण्याविषयी २०० हून जास्त निर्णय घेतो. मेनू ठरला की ते सगळे वाचले. म्हणून सोपं जातं.

---

अबोली_२

आयतोबा, तो दोनशेचा आकडा जरा जपून. तो ज्या अमेरिकी संशोधकाकडून आला, त्याचे बरेच शोधनिबंध पुढे मागे घ्यावे लागले आणि २०१८ मध्ये त्याच्या विद्यापीठानेच गैरप्रकाराचा ठपका ठेवला. हा विशिष्ट आकडा मोजण्याच्या पद्धतीवरही टीका झालीय. निर्णय कमी झाले की सोपं जातं हे अनुभवाने पटतं, पण दोनशे की वीस, जाऊ दे.

---

आयतोबा

अरेच्चा. मी तो आकडा बायकोला चार वेळा ऐकवलाय.

---

चवीनेखाणार

कोणाला राग येणार असेल तर आधीच सांगतो, हलकं घ्या. पण हे काय जगणं आहे? जेवण म्हणजे इंधन नव्हे. माणूस दिवसभर राबतो कशासाठी? संध्याकाळी ताटात काहीतरी मनासारखं असावं म्हणून. रोज तेच छोल्याचं सूप खाऊन शंभर वर्षं जगण्यापेक्षा मी ऐंशीव्या वर्षी तळलेलं खाऊन जाईन.

---

कंटाळेश्वर

@चवीनेखाणार, राग नाही. पण खरं सांगू? आधी मी जे "विविध" खात होतो त्यातलं निम्मं उभ्याउभ्या, फोनकडे बघत, चव न घेता जायचं. आता रविवारी जे एक जेवण मनासारखं जेवतो त्याची चव चारपट लागते. आणि ऐंशीपर्यंत पोहोचायचं तर आधी जिना चढता यायला हवा हो.

@अबोली_२, फारच सुंदर प्रतिसाद. दह्याचा प्रयोग वाचून फ्रीज उघडून बघितला. चार चवींचं दही होतं. माझं नव्हे, घरच्यांचं.

---

रात्रपाळी

माझा अनुभव उलटा आहे, लिहू की नको असं करत लिहितेय.

मीही एकच मेनू धरला होता. फक्त माझा तुमच्यापेक्षा फार तोकडा होता, १२०० च्या आत. दोन महिन्यांत भराभर वजन उतरलं, सगळे वा वा म्हणाले. तिसऱ्या महिन्यात एका रात्री कामावरून आले आणि बिस्किटांचा आख्खा डबा संपवला. भूक नव्हती. मग रडले. मग दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून अजून कमी खाल्लं. हे चक्र चार महिने चाललं. त्या काळात स्वयंपाकाचे व्हिडिओ मात्र तासन्‌तास बघायचे, कधीच न करण्याच्या पदार्थांचे.

नंतर अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या प्रयोगाबद्दल वाचलं आणि अंगावर काटा आला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये अॅन्सेल कीज या संशोधकाने ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. दिवसाला दीड हजाराच्या थोड्या वर कॅलरी, ब्रेड, बटाटे, सलगम, कोबी, तेच तेच आलटून पालटून. शिवाय त्यांना भरपूर चालायला लावलं होतं. वजन सुमारे एक चतुर्थांश घटलं. आणि ती मुलं पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, ताटल्या चाटायची, जेवणाची स्वप्नं बघायची. म्हणजे मी वेडी नव्हते, उपाशी होते.

तेव्हा कृपा करून, कोणी हा धागा वाचून एकच मेनू धरणार असाल तर तो पोटभर असू दे. कंटाळेश्वरांचा आहे. माझा नव्हता. आणि मेनू मोडला की जीव घाबरायला लागला, बाहेर जेवायला बोलावलं की बहाणे सुचायला लागले, तर थांबा आणि कोणाशी तरी बोला. मी समुपदेशकाकडे जाऊन बाहेर आले.

---

निवांत

रात्रपाळी, लिहिलंत ते बरं केलंत.

---

गाजरपारखी

अवांतर पण उपयोगी. मी रोज चार वाजता दोन मोठी गाजरं असा नेम धरला होता. कमी कॅलरी, चावायला भरपूर, मी खूश. दोनेक महिन्यांनी बहिणीने विचारलं, "तुझे तळहात पिवळे का दिसतायत?" काविळीच्या भीतीने तपासण्या केल्या. कावीळ नाही. डोळ्यांचं पांढरं पांढरंच होतं, त्यावरूनच डॉक्टर हसले. गाजरातल्या कॅरोटीन या रंगद्रव्याने कातडी रंगली होती. धोका काही नाही, गाजरं कमी केल्यावर हळूहळू गेलं. पण घरात माझं नाव पडायचं ते पडलंच.

---

नाडीबघू

व्यवसायाने डॉक्टर आहे. इथे सल्ला म्हणजे तपासणी नव्हे, हे गृहीत धरा.

कंटाळेश्वर, तुम्ही मूळ वजनाच्या साडेबारा टक्के उतरवलंय. ५ ते १० टक्क्यांनीही रक्तदाब आणि साखरेत फरक दिसतो, तेव्हा काटा पाच आठवडे अडला म्हणून हिरमुसू नका. रक्तदाबाची गोळी घेत असाल तर मात्र आता मात्रा पुन्हा तपासून घ्या. वजन उतरल्यावर जुनी मात्रा जास्त होऊ शकते आणि उठताना चक्कर येते.

एकाच मेनूचं गणित साधं आहे. त्यात जे आहे ते रोज मिळतं, आणि जे नाही ते कधीच मिळत नाही. विविध खाणाऱ्याची सोमवारची उणीव गुरुवारी भरून निघते, तुमची निघत नाही. जुन्या काळी खलाशी महिनोनमहिने वाळका पाव आणि खारवलेलं मांस खायचे, ताजं काहीच नाही, आणि हिरड्यांतून रक्त यायचं. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने तिथल्या बारा रुग्णांच्या जोड्या करून वेगवेगळे उपाय दिले, संत्री-लिंबवाली जोडी पटकन उठली. पॉलिश केलेल्या तांदळावर जगणाऱ्यांना बेरीबेरी, मक्यावर जगणाऱ्यांना पेलाग्रा. सगळे एकसुरी ताटाचे आजार. तुमचं ताट त्यामानाने बरंच भरलेलं आहे, पण फळ एकच, भाजी बहुतेक ठरलेली. पालक रोज असेल आणि पूर्वी मुतखडा झाला असेल तर तो बदला, त्यात ऑक्झलेट खूप असतं. अंडी-दूध आहे म्हणून ब-१२ ची मला फार काळजी नाही. पूर्ण शाकाहारी, विशेषतः दूधही न घेणाऱ्यांनी ती करावी. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांनीही.

आता उलट बाजू. काही रुग्णांना आम्हीच सांगतो की रोज सारखं खा. रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेणाऱ्यांना हिरव्या पालेभाज्या बंद करायच्या नसतात, प्रमाण सारखं ठेवायचं असतं. एक आठवडा ढीगभर आणि पुढचा आठवडा शून्य असं झालं की के जीवनसत्त्व वरखाली होतं आणि औषधाची मात्रा जुळवता येत नाही. इन्सुलिनची मात्रा ठरलेली असेल तर जेवणातली कर्बोदकंही शक्यतो सारखी लागतात. पण अशा माणसांनी, म्हणजे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी, स्वतःच्या मनाने खाणं एकदम कमी करू नये. साखर धोकादायक पातळीला उतरू शकते.

आणि रात्रपाळी यांनी लिहिलं त्याला जोड: फार वेगाने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग पुरे.

---

मोजूनमापून

मूळ प्रश्न राहिला बाजूला. काटा का थांबला?

दोन कारणं असू शकतात आणि बहुधा दोन्ही आहेत. पहिलं: ८८ किलोच्या शरीराला जेवढं लागत होतं तेवढं ७७ किलोच्या शरीराला लागत नाही. नेहमीच्या सूत्राने काढलं तर तुमची रोजची गरज दीडशेच्या आसपास कॅलरींनी उतरली. आधी खर्चापेक्षा रोज ५०० कमी खात असाल तर आता तीच १७५० फक्त साडेतीनशेने कमी पडते. "शरीराला सवय झाली" यातलं खरं एवढंच. झटक्याबिटक्याची गरज नाही.

पण साडेतीनशेनेही काटा खाली सरकायला हवा, हळू का होईना. तो पाच आठवडे जागचा हलला नाही, म्हणजे दुसरं कारण. तुम्ही लिहिलंय >>एकदाच तोललं<<. सात महिन्यांपूर्वी. १९९२ चा एक गाजलेला अभ्यास आहे: "आम्ही १२०० च्या आत खातो तरी उतरत नाही" म्हणणाऱ्या काही जणांचा खरा आहार आणि खर्च प्रयोगशाळेच्या पद्धतीने मोजला. त्यांची चयापचय क्रिया ठीक होती. खाणं मात्र ते सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगत होते. खोटं बोलत नव्हते, त्यांना तसं मनापासून वाटत होतं.

तुम्ही अंदाजाने वाढून घेताय, आणि हात उदार असतो. एक आठवडा पुन्हा काटा काढा. आधी नेहमीसारखं वाढून घ्या, मग तोला. उलट क्रमाने नको, नाहीतर हात सावध होतो. शेंगदाणे आणि तेल आधी.

आणि हो, तो मोकळा रविवार. सहा दिवस साडेतीनशे वाचवले तर झाले २१००. एका मोकळ्या रविवारी २१०० जास्तीचे खाणं अजिबात अवघड नाही, मी केलंय.

---

शंकासूर

मोजूनमापून +१. हेच मी पहिल्या प्रतिसादात म्हणत होतो.

---

अबोली_२

तुम्ही हे नव्हतं म्हटलं शंकासूर :) तुम्ही म्हणालात हिशोब तोच. मोजूनमापून म्हणतायत हिशोब बदलला आणि कंटाळेश्वरांना कळलं नाही.

---

दोनताटं

वर्ष-दोन वर्षांचं विचारलंत, माझं तिसरं वर्ष चालू आहे. पण मी पदार्थ धरला नाही, साचा धरला. सकाळ आणि दुपारचा साचा पक्का: एक वाटी धान्य, एक वाटी डाळ किंवा कडधान्य, दोन वाट्या भाजी, दही, फळ. धान्य-डाळ बदलत नाही. भाजी आणि फळ मात्र बाजारात जे ताजं असेल ते. करणाऱ्याला विचार पडत नाही आणि ताटही मरत नाही. रात्रीचं जेवण घरच्यांसोबत, सगळे जे खातील ते, फक्त ताटली लहान. रात्री वेगळा मेनू धरायचा मी प्रयत्न केला होता. मुलं विचारायला लागली की तू आजारी आहेस का. सोडला.

वजन १४ किलो उतरलं, पैकी दीड परत आलं आणि तिथेच आहे.

---

अबोली_२

दोनताटं, तुम्ही जे करताय त्याला आधारही आहे. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालू आहे, निदान १३.६ किलो उतरवून ते वर्षभर टिकवलेल्या लोकांची. त्यांच्या खाण्यात सगळ्याच गटांत वैविध्य कमी आढळलं. आणि जे आठवड्याचे सातही दिवस साधारण सारखं खातात, त्यांचं वजन पुढच्या वर्षी टिकण्याची शक्यता शनिवार-रविवारी सैल सोडणाऱ्यांच्या दीडपट होती. (कंटाळेश्वर, मी काही बोलले नाही.) अर्थात ही यशस्वी लोकांचीच यादी आहे. ज्यांनी हेच केलं आणि फसले ते त्यात नाहीत.

दुसऱ्या बाजूचंही सांगते. चटकदार, कॅलरीने ठासलेले पदार्थ फक्त दोनच ठरवून घ्यायचे, बाकी बंद, असा दीड वर्षाचा एक प्रयोग झाला. त्या पदार्थांचं खाणं खरंच कमी झालं. वजनात मात्र असं बंधन नसलेल्या गटापेक्षा फरक पडला नाही. म्हणजे एकसुरीपणा ही जादू नाही, भोक इथे बुजवलं तर माणूस तिथे पाडतो.

भाजीत मात्र वैविध्य ठेवाच. आठवड्याला तीसहून जास्त वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यांतले जिवाणू, दहापेक्षा कमी खाणाऱ्यांपेक्षा जास्त विविध असतात असं २०१८ मध्ये एका मोठ्या पाहणीत दिसलं. त्यामुळेच तब्येत सुधारते असं ती पाहणी सिद्ध करत नाही, पण भाजी बदलण्यात तोटा काय? वर सांगितलेला जिभेचा नियम इथे आपल्या बाजूने वळतो. चार प्रकारच्या भाज्या ताटात असतील तर माणूस भाजीच जास्त खाईल.

---

चवीनेखाणार

म्हणजे शेवटी विविध खा असंच म्हणायचंय ना? मग मी काय वेगळं म्हणालो?

---

दोनताटं

तुम्ही तळलेलं म्हणालात.

---

कंटाळेश्वर

धागाकर्त्याची हजेरी. अडीच आठवडे गायब होतो कारण मोजूनमापून यांचं ऐकलं आणि मग काही दिवस तोंड दाखवायची लाज वाटत होती.

नेहमीसारखं वाढून घेतलं आणि मग काट्यावर ठेवलं. २५ ग्रॅम शेंगदाणे ४४ ग्रॅम भरले. तीन चमचे तेल निघालं जवळपास पाच, कारण मधल्या काळात चमचा सोडून मी बाटलीतूनच ओतायला लागलो होतो. कधीपासून, आठवत नाही. भाताची वाटी तीच आहे, पण आता शीग लावून भरतो. सगळं मिळून रोजच्या अडीचशेच्या आसपास जास्त. त्यातले शंभरहून अधिक एकट्या शेंगदाण्यांचे.

सात महिने रोज तेच खातोय असं मी सगळ्यांना सांगत फिरत होतो. खात नव्हतो. नावं तीच होती, एवढंच. ज्या खाण्यावरून लक्ष उडालं म्हणून मी खूश होतो, तिथूनच ते हळूहळू वाढत गेलं, कारण लक्षच नव्हतं.

रविवारचा हिशोबही एकदा लिहून बघितला. आकडा इथे देणार नाही. २१०० चा अंदाज मोजूनमापून यांनी माझी मर्यादा राखून केला होता.

तर आता असं केलंय. सकाळ तशीच, मला ओट्सचा कंटाळा येऊन गेलाय आणि आता परतही जात नाही. दुपारी दोनताटं यांचा साचा, भाजी-फळ रोज वेगळं. रात्री घरच्यांबरोबर, लहान ताटलीत. दिवसभराचं तेल सकाळीच मोजून एका छोट्या वाटीत काढतो, संपलं की संपलं. रविवारी पूर्ण दिवस मोकळा नाही, एक जेवण मोकळं. महिन्यातून एकदा पुन्हा तोलायचं.

@नाडीबघू, रक्तदाबाची गोळी अजून सुरूच झाली नव्हती, तेव्हाच माझे डॉक्टर म्हणाले होते की आधी वजन बघू. परवा दाखवून आलो. या वेळी पट्टा सोडताना काहीच बोलले नाहीत.

@रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवला. धाकट्या भावाने एकवेळचं जेवण सोडलं होतं, त्याने दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं.

काटा आज ७६.४. पण हे अडीच आठवड्यांचं आहे, थोडंफार पाणीही असेल.

---

निवांत

आणि शेंगदाणे?

---

कंटाळेश्वर

आहेत की. चोवीस-पंचवीस ग्रॅमच्या पुड्या बांधून ठेवल्यात, रविवारी सातही एकदम. मोठा डबा सगळ्यात वरच्या फळीवर गेलाय. काढायला स्टूल लागतं, आणि स्टूल ओढलं की आवाज होतो.